एअर काढली तरी क्लच पुन्हा बसतो: जुन्या ट्रकच्या हायड्रॉलिक क्लचची तपासणी

सकाळी पहिला पाय मारला की क्लचचं पेडल सरळ खाली फळीला टेकतं. दोन-चारदा पंप मारला की वर येतं, गियर पडतो, गाडी निघते. गॅरेजमध्ये एअर, म्हणजे क्लचच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढून घेतली की चार दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. "मेस्त्री, आताच एअर काढली होती की हो, परत गियर पडंना झालाय," हे वाक्य निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात ऊस सुरू झाला की रोज कानावर येतं.

हंगामाच्या तोंडालाच हे का होतं, त्याला कारण आहे. शेवटची खेप टाकून उभी केलेली गाडी अख्खा पावसाळा एका जागी असते. क्लचचं ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, सिलिंडरला आतून गंजाचे ठिपके पडतात, पिस्टनवरचे ऑइल अडवणारे रबरी कप एकाच जागी बसून ताठर होतात. मग गाडी बाहेर काढायची आणि लगेच भरल्या उसाने कारखान्याच्या रांगेत हाफ क्लचवर सरकत राहायचं. कुठेतरी दम निघणारच.

जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ला घाट उतरून गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्यांची तक्रार थोडी निराळी असते. गाडी गार असताना सगळं ठीक, घाटात तापली की पेडल मऊ. तिचं कारण वेगळं आहे, पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हायड्रॉलिक लाइन बंद असते, तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. ती क्लच ऑइलच्या टाकीतलं ऑइल तळाला गेल्यावर शिरते, झिजलेल्या कपाच्या कडेने शिरते, नाहीतर एखाद्या सैल जोडातून. ती वाट बुजवल्याशिवाय नुसती एअर काढली तर पैसेही जातात आणि खेपही बुडते. म्हणून खालच्या क्रमात एअर काढायचं काम बरंच मागे ठेवलंय.

हे सगळं हायड्रॉलिक क्लच असलेल्या जुन्या हलक्या-मध्यम ट्रकांसाठी आहे: पेडलाचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर पेडलाजवळ, त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर खाली क्लच हाउसिंगवर आणि मध्ये पाइप. क्लच वायरवर किंवा दांड्यांवर असेल तर यातलं काही लागू नाही. मोठ्या गाडीला हवेवर चालणारा क्लच बूस्टर असेल तर आधी एअरचा काटा पाहा. हवेच्या टाकीत हवा कमी असली की पेडल जड होतंच. त्या बूस्टरची एअर काढायची रीत मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायची, अंदाजाने नाही.

लक्षणं आधी वेगळी करा

"क्लच गेला" या दोन शब्दांत दोन उलट तक्रारी येतात आणि त्यांचे इलाजही उलटे आहेत.

क्लच सुटत नाही: पेडल पूर्ण दाबूनही गियर करकरतो, रिव्हर्स तर पडतच नाही, गियरमध्ये टाकून पेडल धरलं तरी गाडी हळूहळू पुढे ओढते. पंप मारला की तात्पुरतं सुधारतं. हा लेख या तक्रारीसाठी आहे.

क्लच घसरतो: वंटमुरी किंवा तवंदी घाटाच्या चढाला रेस वाढते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. इथे प्लेट झिजलेली असते किंवा तिला तेल लागलेलं असतं, आणि एअर काढून काडीचा उपयोग होत नाही. याला एक अपवाद आहे. मास्टरच्या दांडीला अजिबात मोकळीक नसेल तर लाइनमध्ये दाब अडकून राहतो आणि चांगली प्लेटही घसरते. तो तपास फुकटातला आहे, खाली येईल.

बिघाड कोणत्या वेळी दिसतो हेही लिहून ठेवा. सकाळी वाईट आणि पंप मारल्यावर बरं, तर हवा किंवा कप. गार असताना बरं आणि तापल्यावर वाईट, तर बहुतेकदा पाणी धरलेलं जुनं ऑइल, किंवा सायलेन्सरच्या पाइपाला खेटून गेलेली क्लचची लाइन. पंप मारा, न मारा, गियर कधीच नीट पडत नसेल तर दोष लाइनमध्ये नसून हाउसिंगच्या आत असण्याची शक्यता जास्त. मिस्त्रीला एवढं सांगितलंत तरी त्याचं अर्धं काम होतं.

पैसे न लागणारे तपास

पेडलाखाली पाहा. पायपुसणं, गोणपाट, पाण्याची बाटली, काहीही पेडलाच्या वाटेत असेल तर पूर्ण दाब बसत नाही. मग पेडल हाताने आजूबाजूला हलवून बघा. पेडलाचं बुश आणि मास्टरच्या दांडीची पिन झिजली असेल तर पेडलाचा बराचसा प्रवास नुसती ढिलाई भरून काढण्यात जातो. जुन्या गाड्यांत ती पिन अर्धी कापली गेलेली सापडते. पिन आणि बुश बदलायला फार खर्च नाही, पण यांच्याकडे कुणी वाकून बघत नाही आणि थेट सिलिंडर बदलला जातो.

दांडीची मोकळीक आता तपासा. पेडल बोटाने हलकेच दाबा. मास्टरचा पिस्टन हलायच्या आधी थोडीशी, दांडीपाशी साधारण एक ते दोन मिलिमीटर, रिकामी हालचाल हवी. ती हवीच, कारण मास्टरच्या आत एक बारीक भोक असतं आणि पेडल पूर्ण वर आल्यावरच ते उघडतं. त्यातूनच लाइनमधलं ऑइल टाकीत परत येतं आणि टाकीतलं आत जातं. मोकळीक शून्य असेल तर हे भोक झाकलेलं राहतं. मग क्लच घसरतो आणि एअरही पूर्ण निघत नाही, तुम्ही कितीही पंप मारा. उलट मोकळीक फार असेल तर दाब कमी पडतो.

टाकीचं झाकण उघडायच्या आधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. उसाची धूळ नि पाचोळा टाकीत पडला की तो सरळ त्या बारीक भोकात जाऊन बसतो. झाकणाला हवेसाठी छोटं छिद्र असतं, ते मोकळं आहे का पाहा.

मग ऑइल. खूण केलेल्या रेषेच्या खाली गेलंय का? रंग कसा आहे? ताजं ऑइल फिकट पिवळसर असतं. काळपट असेल तर त्यात झिजलेलं रबर आणि घाण आहे, गढूळ तांबूस असेल तर गंज. झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर तिथेच थांबा. कुणीतरी टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं असण्याची दाट शंका आहे. याची घरगुती खात्री सोपी आहे: टाकीतले चार थेंब काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. ब्रेक-क्लचचं ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर एअर काढत बसू नका. लाइनमधले सगळे रबरी भाग, कप आणि होज पाइप बदलावे लागतात, कारण खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. काही हलक्या ट्रकांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तशी गाडी असेल तर ब्रेकचंही रबर गेलं असं धरून चाला आणि गाडी जागची हलवू नका.

गळती शोधा, कारण हवेची वाट बहुतेकदा तिथेच असते

टॉर्च आणि कोरडं पांढरं फडकं घ्या. पहिली जागा केबिनच्या आत: मास्टरची दांडी जिथे सिलिंडरमध्ये शिरते तिथे फडकं फिरवा. पेडलाच्या वरच्या पत्र्यावर रंग फुगून सोलला असेल तर वेगळा पुरावा नको, हे ऑइल रंग खातं. दुसरी जागा खाली: स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी टोपण कडेने उचला. आत नुसता ओलसरपणा दिसला तरी त्याचा कप चाललाय असं समजा. थेंब पडत असेल तर तो गेलाच. तिसरी जागा जोड: पाइपाची दोन्ही टोकं, होज पाइपाचे नट, स्लेव्हवरचं एअर काढायचं निपल.

बाहेर थेंबही पडत नाही, टाकीही उतरत नाही, तरी हवा येते, असं होतं का? होतं. झिजलेला कप दाबाखाली ताणून बसतो आणि गळू देत नाही, पण पेडल झटकन वर आलं की मागच्या ओढीने त्याची कड दुमडते आणि हवा आत घेते. म्हणून कोरडा स्लेव्ह म्हणजे चांगला स्लेव्ह असं नाही.

होज पाइपाला हात लावून ठेवा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. पाइप हातात फुगलेला जाणवला तर दाब तिथे मुरतोय. भेगा पडलेला, फुगणारा होज पाइप बदलायचाच.

दांडीची खूण: हा तपास सोडू नका

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चावी काढून खिशात, गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांच्या पुढेमागे दगड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. या गाड्या उंच असतात, बहुतेकदा तशीच जागा मिळते. स्लेव्हची दांडी जिथे फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, टेकते तिथे खडूने खूण करा आणि शेजारी छोटी पट्टी धरा. आता वर बसलेल्या माणसाला पेडल दाबायला सांगा आणि दांडी किती सरकते ते मोजा. बऱ्याच हलक्या ट्रकांत पूर्ण दाबाला दांडी दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

पहिल्या दाबाला कमी सरकली आणि चार पंपांनंतर चांगली सरकली, तर लाइनमध्ये हवा आहे. एअर काढा, आणि ती कुठून आली तेही शोधा.

चांगली सरकली, पण पेडल दाबून धरलेलं असताना हळूहळू मागे येऊ लागली आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर मास्टरच्या आतला कप ऑइल मागे सोडतोय. याची खात्री अशी करा: पेडल एकदा झटकन दाबा, एकदा अगदी सावकाश दाबा. झटकन दाबल्यावर धरतं आणि सावकाश दाबल्यावर नुसतं खाली बुडत जातं, असं झालं तर मास्टरचा कप गेला. झटक्याच्या दाबाने कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटते, सावकाश दाबाने ती चिकटत नाही आणि कडेने ऑइल निसटतं. बहुतेक ड्रायव्हर गडबडीत झटकनच दाबतात, म्हणून त्यांना हा दोष फक्त रांगेत सरकताना जाणवतो. गॅरेजमध्ये मिस्त्रीनेही झटकन दाबून बघितलं की "सगळं ठीक आहे" म्हणून गाडी परत येते. वारंवार एअर काढूनही न सुटलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा हाच दोष सापडलाय.

पेडल सोडल्यावर दांडी पूर्ण मागे आली नाही तर निपल किंचित सैल करा. ऑइल जोराने उडून दांडी लगेच मागे गेली तर वरचं बारीक भोक बंद आहे, नाहीतर होज पाइप आतून सुजून अडकलाय. निपल सैल करूनही दांडी मागे येत नसेल तर स्लेव्हचा पिस्टन गंजून अडकलाय किंवा फोर्क अडकलाय.

आणि दांडी पूर्ण सरकते, धरून राहते, नीट परतही येते, तरी गियर पडत नाही? मग हायड्रॉलिकला हात लावू नका, लाइन आपलं काम करतेय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटून बसते, तेव्हा नेमकं हेच चित्र दिसतं. प्रेशर प्लेटचे फिंगर झिजले असतील, फोर्क वाकला असेल, पुढचं छोटं बेअरिंग धरलं असेल तरीही. हे सगळं गिअरबॉक्स उतरवल्यावरच कळतं.

आता एअर काढा

साहित्य: सीलबंद डब्यातलं नवं ऑइल, झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. उघडून महिने झालेला डबा वापरू नका. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तापल्यावर मऊ पडणाऱ्या पेडलाचं कोडं इथे सुटतं: ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गार झालं की पुन्हा पाणी, पेडल पुन्हा कडक. म्हणून खराब दिसो न दिसो, दोन वर्षांनी ऑइल बदला. खानापूर तालुक्याच्या पावसातल्या गाड्यांना तर हे सोडूच नका.

निपलाच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, पारदर्शक बाटली, फडकी आणि पाण्याची बादली. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर ती इथे सोडा. हे ऑइल विषारी आहे, डोळ्यांत उडालं तर भरपूर पाण्याने धुवून दवाखाना गाठायचा.

निपल जाम असेल तर उघड्या पान्याने ओढू नका, कोपरे गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी निपलाच्या डोक्यावर हलके ठोके द्या आणि रिंग पान्याने आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने हलवा. मोडलं तर स्लेव्ह बदलायचा किंवा लेथवाल्याकडे न्यायचा.

टाकी भरा. नळीचं एक टोक निपलाला, दुसरं बाटलीत थोडं नवं ऑइल घालून त्यात बुडवलेलं. वर एक माणूस, खाली एक. हुकूम आधी ठरवा आणि प्रत्येक हुकमाला वरच्याने मोठ्याने उत्तर द्यायचं: "दाब", "धर", "सोड". क्लीनर कन्नड बोलणारा असेल तर "ओत्तु", "हिडी", "बिडू". गोंधळ होऊन निपल उघडं असताना पेडल वर आलं की हवा परत आत.

दाब: सावकाश, तळापर्यंत. धर: निपल पाव ते अर्धा फेरा उघडा, ऑइल आणि बुडबुडे नळीत येतील. निपल बंद करा. मगच सोड: पेडल सावकाश वर, गरज पडली तर हाताने उचलून. दोन-तीन सेकंद थांबा, मास्टरला टाकीतून ऑइल भरून घेऊ द्या. पुन्हा दाब. दर चार-पाच वेळांनी टाकी भरा. ती एकदा तळाला गेली की सगळं पहिल्यापासून.

धडाधड पंप मारू नका. ताक घुसळल्यासारखा फेस होतो आणि बारीक बुडबुडे ऑइलमध्ये पसरून बसतात, ते तासभर निघत नाहीत. तसं झालंच तर गाडी तासभर उभी ठेवा. नळीतून बुडबुडे थांबले आणि स्वच्छ नवं ऑइल यायला लागलं की अजून चार-पाच दाब काढा. निपल बंद करून त्यावर रबरी टोपी बसवा. नसेल तर बसवून घ्या, धूळ आणि पाणी त्याच भोकात जाऊन निपल जाम करतं. निघालेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतायचं नाही, आणि शेतात किंवा विहिरीजवळ फेकायचंही नाही.

एवढं करून पेडल मऊच राहिलं तर निपल कुठे आहे ते बघा. स्लेव्हमध्ये निपल सगळ्यात उंच जागी असलं पाहिजे. कुणीतरी स्लेव्ह उलटा बसवला असेल किंवा चुकीचा बसवला असेल तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि निपलातून फक्त ऑइल येत राहतं. स्लेव्ह बोल्ट सोडून हातात घ्या, निपल वर करून धरा, पिस्टन आत दाबलेला ठेवा आणि मग एअर काढा. स्लेव्ह सुटा असताना पिस्टन हाताने धरल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. पाइपही बघा. इंजिनाच्या कामानंतर तो वाकवून मास्टरपेक्षा उंच नेला असेल तर त्या कुबडात हवा बसते.

तरीही जात नसेल तर खालून वर काढा. आधी जुनं घाण ऑइल पूर्ण बदलून घ्या, नाहीतर स्लेव्हमधला गाळ मास्टरच्या बारीक भोकात ढकलला जाईल. मग टाकी अर्धी रिकामी करा, स्वच्छ ऑइलचा डबा किंवा मोठी पिचकारी नळीने निपलाला जोडा, निपल उघडा आणि सावकाश ऑइल आत ढकला. हवेला वर जायची घाई असते, तिला तीच वाट द्या. टाकीत बुडबुडे येताना दिसतील. टाकी ओसंडून वाहू देऊ नका. नवा मास्टर बसवल्यावर बऱ्याचदा हीच रीत लवकर काम करते.

किट की पूर्ण सिलिंडर

किट, म्हणजे सिलिंडरच्या नव्या कपांचा संच, स्वस्त असतं, म्हणून मालक किटच मागतो. सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत फडक्याने पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट टाका, बिनधास्त चालेल. नखाला खड्डा किंवा रेघ लागली तर किट टाकू नका. नवा कप त्या खड्ड्यावरून घासत राहतो आणि थोड्या दिवसांत तीच तक्रार घेऊन तुम्ही परत येता. खरखरीत घासकागदाने घासून भिंत गुळगुळीत करायचा प्रयत्नही नको, सिलिंडरचं भोक मोठं होतं आणि कप सैल पडतो. एका सिलिंडरचे कप गेले आणि दुसरा त्याच वयाचा असेल तर दोन्ही एकदम करा, हे माझं स्पष्ट मत आहे. नव्या मास्टरचा पूर्ण दाब जुन्या स्लेव्हवर आला की त्याचे कप लवकरच जवाब देतात, आणि हंगामात मधला एक दिवस गेला तरी उसाचं वजन घटतं.

कप बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. त्याच ब्रेक ऑइलने ओले करून बसवा.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असून ऑइल उतरतंय, तर गाडी चालवायचीच नाही, टोचन लावून न्यायची. टाकीत चुकीचं तेल गेलंय असं दिसलं तरी तसंच.

दांडी पूर्ण सरकते तरी क्लच सुटत नाही, किंवा पेडल दाबल्यावर हाउसिंगमधून घरघर, किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग, फिंगर किंवा प्लेटचं काम आहे. गिअरबॉक्स उतरवायला बऱ्यापैकी वजन पेलणारा जॅक आणि हाताखाली जाणती माणसं लागतात. शेतात, रस्त्याच्या कडेला दोघांनी मिळून ते करू नका. चिकटलेली प्लेट सोडवायला गियरमध्ये गाडी सुरू करून झटके द्यायची एक गावठी रीत आहे. आजूबाजूला माणसं असताना, आणि ज्याने ती कधी केली नाही त्याने, ती अजिबात करू नये.

क्लच बूस्टरची गाडी असेल आणि बूस्टरमधून हवा फुसफुसत असेल किंवा ऑइल हवेच्या बाजूने बाहेर येत असेल, तर तेही माहितगाराचंच काम.

घाटाच्या माथ्यावर, चोर्ल्याला किंवा अनमोडला, पेडल पहिल्या दाबाला बसायला लागलं तर "पंप मारत उतरू" म्हणू नका. उतारावर खालचा गियर लागला नाही आणि गाडी न्यूट्रलला राहिली तर सगळा भार ब्रेकवर येतो. माथ्यावरच कडेला घ्या, चाकाला दगड लावा, मिस्त्रीला तिथे बोलवा. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पंप मारत जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. भरलेली नको.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. मग गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पहिला पाय सावकाश मारा. पेडल संध्याकाळच्याच उंचीवर धरलं तर काम झालं. खाली बुडलं तर पुन्हा एअर काढू नका, मास्टर उघडा.